कोबाल्टची निळी बाटली

मी मूळचा संशयी. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय दूध घेत नसे आणि सुका बोंबील मोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नसे. बाजारातली कोळीण म्हणायची, "मास्तर, तुमच्याकडं बायको कशी नांदंल?" बायको तेव्हा नव्हतीच.

पालघरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिसऱ्या वर्षाला संक्रमण धातूंची कॉम्प्लेक्स असत. मधे धातू, भोवती पाण्याचे नाहीतर क्लोराइडचे गट चिकटलेले. ते कशाने चिकटतात यावर तीन सिद्धान्त. पहिला म्हणतो, इलेक्ट्रॉनच्या जोडीत वाटेकरी होऊन. पण रंग कुठून आला विचारलं की त्याने मिठाची गुळणी धरलीच. दुसरा म्हणतो, वाटणीबिटणी काही नाही, सगळी विद्युत आकर्षणाची करामत. तो रंगाचं कोडं सोडवतो, पण दुसरीकडे उघडा पडतो. तिसरा दोघांचं थोडंथोडं घेतो आणि पोरांची झोप उडवतो. माझा तिघांवरही भरवसा नव्हता. मुलांना मात्र ठणकावून सांगायचो.

डिसेंबरात विभागप्रमुखांनी कोबाल्ट क्लोराइडचं निळं द्रावण तयार ठेवायला सांगितलं. कोबाल्टभोवती पाणी असलं की द्रावण गुलाबी दिसतं. हायड्रोक्लोरिक आम्ल घालत गेलं की क्लोराइड पाण्याला हुसकावतं आणि ते निळं होतं. आम्ल जपून वापरायचा हुकूम होता, म्हणून मी दुपारी जेमतेम निळं होईल एवढंच घातलं. सकाळी साडेसातला बघतो तर बाटली गुलाबी!

कुणीतरी द्रावण काढून पाणी भरलंय, दुसरं काय? पाणी वाढलं की गुलाबी, सिद्धान्तही तेच सांगत होता. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याखेरीज फक्त मामांकडे. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट; मासवणचे, पन्नाशीला टेकलेले, सात वर्षं हंगामी. त्याच महिन्यात त्यांना कायम करायची फाइल निघाली होती. बोईसरला मुलामा देणाऱ्या दुकानांत असलं काहीबाही खपतं, हे मी शेजाऱ्यांकडून ऐकून होतो.

मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "सर, मी हात लावला नाय. थंडीनं तसं होतंय. दुपारी बघा, आपोआप निळी होते."

"मामा, आता तुम्ही मला केमिस्ट्री शिकवणार?" मी म्हणालो.

ते गप्प झाले. गप्प झाले म्हणजे चोर, असं मी धरून चाललो. दुपारी बाटली बघायला काही मी गेलो नाही. सकाळीच ती ओतून टाकली होती; दुपारी नवी केली. या वेळी द्रावणाच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी बाटली पुन्हा गुलाबी, आणि पातळी रेघेवर! मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे, काढतो तेवढंच मापून भरतो. तिसऱ्या दिवशी नवं द्रावण भरून बुचाला लाख लावली. सकाळी लाख शाबूत, द्रावण गुलाबी. तरी माझं म्हणणं हेच की लाख वितळवून परत बसवली असणार. माझं डोकं त्या दिवसांत असंच चालत होतं.

प्रमुखांनी फाइलीवर माझा शेरा मागितला. मी लिहिलं, "विश्वासू नाहीत." महिनाअखेरीला मामांना कमी केलं. जाताना त्यांनी टेबलं पुसली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नव्याने द्रावण केलं. सकाळी ते गुलाबी होतं. मामा मासवणला, किल्ली माझ्या खिशात. मामांचं थंडीचं बोलणं आठवलं. मग बाटली कोमट पाण्यात धरली. द्रावण निळं झालं. नळाखाली धरली, पुन्हा गुलाबी. उष्णता मिळाली तर क्लोराइडची सरशी, थंडीत पाण्याची. हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शेरा मागे घेतो, चूक माझी आहे, असं मी प्रमुखांना लेखी दिलं. ते म्हणाले, "जागा भरली. आता पुढच्या वर्षी बघू."

रविवारी मासवणला गेलो. मामा अंगणात पेंढा रचत होते, त्यांची बायको ओटीवर भात पाखडत होती. मी चूक कबूल केली. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग थंडीनंच होत व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तेवढं हिला सांगा. कामावरून काढलं तवापासून मलाच इचारते, काय चोरलंस म्हणून."

मी ओटीपाशी गेलो आणि सांगू लागलो. आम्ल, पाणी, रंग, थंडी. मधेच तिने मला थांबवलं.

"मला ते नाय कळत, सर. यांनी चोरलं नाय, येवढंच बोला."

"यांनी चोरलं नाही," मी म्हणालो.

तिने सूप खाली ठेवलं आणि मामांकडे बघत ती रडायला लागली.