मनगटाचं आणि मनाचं

आत्या शिंप्याच्या दुकानात हाताने काजं करायची. बटण ज्या चिरेतून जातं तिच्या कडा दोऱ्याने गुंफायच्या, टाक्याला टाका खेटून. दुकानात काजाचं मशीन होतं, पण मास्तरांचा भरवसा आत्याच्या बोटांवर.

मग तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आधी अंगठ्याला, मग शेजारच्या दोन बोटांना. पुढे दुखणं आलं, ते कोपरापर्यंत चढायचं. सुई बोटांना कळेना, म्हणून ती सुई जास्तच घट्ट धरू लागली. टाके आवळत गेले. एका कोटाचं बटण काजातून जाईचना.

मास्तर रागावले नाहीत, तेच तिला लागलं. म्हणाले, "ताई, यापुढे मशीनवर करून घेऊ का? विचार करून सांगा."

आत्याने मनातल्या मनात होय म्हणून टाकलं होतं. तिच्या आईचा उजवा हात असाच गेला होता. सकाळी "हाताला मुंग्या आल्यात गं" म्हणाली, आणि दुपारी तो हात दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा मांडीवर पडून होता. त्यानंतर आमच्या घरात 'हात गेला' असं कुणी म्हणत नसे. न उच्चारलेला तो शब्द आत्याच्या बाहीत येऊन राहिला होता.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. मी सोबत होतो.

"नस मनगटापाशी दबलीय. पण थोडीच."

"थोडीच? मग एवढा जीव का जातो?"

"तुम्हाला भीती कशाची वाटते?"

आत्याचा आवाज चढला. "म्हणजे दुखणं मनाचं. सरळ सांगा ना, मी सोंग करते."

"सोंग नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. पण घाबरलं की तेच जास्त दुखतं. दुखलं की तुम्ही मूठ आवळता, आणि नस आणखी दबते."

"मनगटाला पट्टा मिळेल. मनाला काय बांधू?"

बाई हसल्या. "मन आधीच बांधलेलं दिसतंय. ते सोडा."

आत्याने आवळलेली मूठ उघडली. मग आईचं सांगितलं, सगळं. बाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आईंचा आजार मेंदूचा होता. तुमच्यात त्याचं काही दिसत नाही. ही नस वेगळी, हे दुखणं वेगळं."

घरी येऊन तिने तेच माझ्या वडिलांना सांगितलं. वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "मांडी घालून बसलो की पाय बधिर होतो माझा. दर वेळी आई आठवते."

"आणि मला बोलला नाहीस कधी?"

"तू मोठी. वाटायचं, तू घाबरत नाहीस."

"गाढवा," आत्या म्हणाली, आणि दोघं म्हातारी भावंडं हसत सुटली.

पट्टा बांधूनही मुंग्या यायच्या. पण आता त्या नुसत्या मुंग्या होत्या. त्यांच्यामागून कुणी चालत येत नव्हतं. हात झटकायचा, थांबायचं, सुई पुन्हा सैल धरायची.

काही आठवड्यांनी ती मास्तरांसमोर उभी राहिली. "शर्ट द्या मशीनला. कोट माझे."

"जमेल, ताई?"

"हळू जमेल. गिऱ्हाइकांना जरा उशिराचा वायदा करा."

"गिऱ्हाइकं माझा जीव खातील."

आत्याने त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. "खाऊ द्या. पुष्कळ आहे."