तलावातल्या लाटा

वेंगुर्ल्याहून निघताना शेजारीण म्हणाली, समुद्र सोडून तळं बघायला कशाला जातेस? मी पिशवी उचलली. माझा धाकटा भाऊ दिनू गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावात बुडून गेला. पलीकडच्या गावी किराणा पोचवायला निघाला होता. तळ्यात कुठे लाटा येतात, पिऊनच डोंगा (लाकडी होडी) उलटवला असणार, असं म्हणून गावाने विषय संपवला. दिनू घ्यायचा अधूनमधून. तरी समुद्रकाठी संसार केलेल्या मला ते पटेना.

गोंदियाला रिक्षावाला हिंदीत भांडला, मी मराठीत. पुढे एसटी. दिनूच्या बायकोने, सुमनने, भात आणि झणझणीत मासळी वाढली. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता. मला तिचा संताप आला, तरी जेवले.

दुपारी पश्चिमेचा गरम वारा सुटला. आम्ही दोघी पाळीवर (तलावाच्या बांधावर) गेलो. तिथल्या पानठेल्यावाल्याने त्या दिवशी दिनूला निघताना पाहिलं होतं. समोर बोट दाखवून तो म्हणाला, "पानी असाच होता, बाई, वाराबी असाच. डोंगा पलटाले लाट तं पायजे." खरंच, पाणी जेमतेम थरथरत होतं. वारा आमच्या पाठीकडून येत होता.

गावातली रिक्षा ठरवून मी त्यालाही आत बसवलं आणि आम्ही तलावाला वळसा घालून निघालो. वाटेत चाक पंक्चर झालं. उरलेली वाट उन्हात तुडवली.

पलीकडे लाटा दगडांवर आपटत होत्या. सुमनची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. वारा पाण्याला घासून आधी बारीक सुरकुत्या उठवतो, मग त्यांनाच ढकलत मोठं करतो. पुढे जितकं मोकळं पाणी, तितकी लाट वाढते. पाळीपाशी ती नुकती सुरू होते, तिथे काय दिसणार? दिनू बुडाला तो या काठाजवळ. ढिवरांना (मासेमारांना) हे ठाऊक असणार, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पानठेल्यावाला पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. "मी तं पायलो तेच सांगतलो," एवढंच म्हणाला.

घरी येऊन सुमनने पेटीतून दिनूचा फोटो काढला, पदराने पुसला.

"पिऊनच डोंगा उलटवला, असंच मी बी मानून राहिली होती, ताई," ती म्हणाली. "म्हनून कधी हार नाही घातला."

परतीच्या गाडीत रडू आलं, आणि रागही. पानठेल्यावाला खोटं बोलला नव्हता. मग भांडू कुणाशी?

शेजारणीने विचारलं, काय बघितलंस तळ्यात?

"लाटा," मी म्हटलं.

ती हसली.