पिंपामागची भिंत

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटच्या जिन्यात बसून आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली. मी रंगारी. माझी बायको सरू भिंती खरवडायची, पॉलिश पेपर मारायची.

"चटणी लई तिखट झालीय की."

"मग उद्या तुमीच कुटा."

एवढंच बोललो. हात धुतले, आत गेलो.

आत बाळंतिणीची खोली. तान्ह्या बाळाची छाती घरघरत होती, थोरली पोरगी खोकत होती. भिंत काळी पडलेली. लोक म्हणतात, सोलापूरच्या उन्हात बुरशी कुठली? येते की. नळाला पाणी रोज नाही, म्हणून पिंपं भरून भिंतीला लावून ठेवतात. त्यात बाळंतिणीला वारा नको म्हणून खिडकी बंद. आंघोळीची वाफ, ओली दुपटी, सगळं आतच. भिंत सुकणार कधी?

बाळाचे वडील, घरमालक साहेब म्हणाले, "काका, रविवारी बारसं आहे. प्रायमर मारून दोन हात द्या."

"साहेब, बुरशी रंगाखाली वाढते. आधी ओली करून खरवडायची, औषधानं धुवायची, सुकू द्यायची. तवर पोरं हितं नकोत. पिंपं गॅलरीत, खिडकी उघडी."

साहेबांच्या आई तडकल्या. "आन् बाळाला वारा लागला मजी?"

सरू म्हणाली, "आक्का, मी बी पोरं वाढवल्यात. वाऱ्यानं एक न्हाय गेलं. ह्या काळ्यानं जाईल."

"तोंड सांभाळ गं बये!"

"सांभाळलं. आता तुमी नातू सांभाळा."

कशाबशा तयार झाल्या. पोरं हॉलमध्ये नेली, खिडकी उघडली. सांजेपर्यंत अर्धी भिंत खरवडून झाली. घरी आल्यावर सरूच्या छातीत कळ आली. रिक्षा यायच्या आत गेली. त्याच रात्री सगळं उरकलं.

सकाळी मी त्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिलो. सुतकात बाळाच्या घरी जाता येत नाही. साहेब खाली आले, लांबच थांबले.

"वाईट झालं, काका. तुम्ही कशाला आलात?"

"अर्धी भिंत तशीच हाय. सुकली की भुकटी उडती, पोरांच्या छातीत जाती. त्यास्नी आत नेऊ नका."

साहेब खाली बघायला लागले. "आईनं नेलं. खिडकी पण लावली. म्हणते, काकू दिवसभर त्या उघड्या खिडकीत उभ्या होत्या. वारा त्यांनाच बाधला."

ज्यासाठी ती भांडली, तेच तिच्या मरणानं खोटं पाडलं. मी वर बघून ओरडलो, "आक्का, तिचं काळीज बंद पडलं! वाऱ्यानं न्हाय!" कोणी डोकावलं नाही.

तेवढ्यात दुसरा रंगारी गाडीवरून आला. माझ्या पिशवीतली औषधाची बाटली मी त्याच्या हातात दिली. सांगितलं, पोरं बाहेर काढ, मग धू, मग रंग.

"मला प्रायमरचंच सांगितलंय, चाचा."

रंगानं बुरशी झाकली जाते, मरत नाही. हे मी कुणालाही सांगतो, त्यालाही सांगितलं. त्यानं बाटली डिकीत टाकली आणि प्रायमरचा डबा घेऊन जिना चढला.