कमावलेलं चामडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट कळत नाही. सकाळपासून तुंगार्लीच्या तळ्यावर धुकं उतरलंय, कदाचित त्याचाच हा परिणाम. असं धुकं उतरलं की समोरचा डोंगर पुसला जातो आणि त्या जागी मला एक पांढरा किल्ला दिसायला लागतो. जपानमधला. छपरावर छप्पर, त्यावर पुन्हा छप्पर, आणि पायथ्याशी खंदकाचं हिरवं, न हलणारं पाणी. हातातला चहा गार होतो. मग त्या किल्ल्याच्या आत काचेच्या कपाटापाशी दोन माणसं उभी दिसतात — आणि मधे मी.

मी दुभाषी आहे. जपानी आणि मराठी. या कामाचा नियम तसा एकच — आपण तिथे नसायचं. अलीकडचं पलीकडे द्यायचं, पदरचं घालायचं नाही, वाटेत सांडायचं नाही. मला या गोष्टीचा फार तोरा होता. अजूनही कुणी म्हणालं की बाई, तुमच्याइतकं चोख कुणी सांगत नाही, तर मी मान खाली घालून हसते. माणूस किती सराईतपणे हसू शकतो, नाही?

काही वर्षांपूर्वी तळेगावकडच्या एका कारखान्यातले सहा कामगार तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जपानला गेले. त्यांच्यासोबत मी. सहाजणांत यशवंतभाऊ सगळ्यांत मोठे, निवृत्तीला आलेले. मावळातल्या वडिवळे गावचे. भट्टीवर उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे भुवया कायम आखडलेल्या. बाकीचे पाचजण फोटो काढायचे आणि यशवंतभाऊ प्रश्न विचारायचे. हे सांडपाणी जातं कुठे? संडास साफ करणाऱ्याला काय मान आहे? त्या म्हाताऱ्या बाईला या वयात गाडी का ढकलावी लागते? प्रश्न विचारून ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही.

एका रविवारी कंपनीने आम्हाला तो किल्ला दाखवायला नेलं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. बसमध्ये यशवंतभाऊ माझ्या शेजारी होते. बाहेर भाताची खाचरं लागली आणि ते एकदम खुलले. "आपल्या मावळावानीच हाय की," म्हणाले. मग आपल्या गावाचं बोलायला लागले. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. ओढ्याचं पाणी अख्खं गाव वापरून झालं की मग यांच्याकडे यायचं. आजोबा गावातली मेलेली गुरं ओढायचे, कातडी सोलायचे. "आज्यानं धम्म घेतला त्या दिशी गुरं वढायचा दोर टाकून दिला, मॅडम. म्हनला, आता वढनार न्हाई." पाऊस झाला, पेरणी झाली, असं सांगावं तसं ते सांगत होते. मी काय म्हणाले? "हो का," म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघितलं. आमच्या घरात जातीचा विषय कधी निघत नसे, आणि निघत नाही म्हणून आम्ही स्वतःला सुधारलेले समजायचो.

किल्ला मात्र स्वप्नातला वाटावा असा होता, हे खरं. दारातच बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायचे. शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली लाकडी जमीन, मोजे घातलेले पाय, त्यामुळे एवढी माणसं असून कसलाच आवाज नाही. उभ्या जिन्यांवरून लोक वर तरंगत गेल्यासारखे जात होते. भिंतीतल्या तिकोनी भोकांतून उजेडाचे तुकडे आत पडले होते. यशवंतभाऊंनी एका भोकात हात घातला आणि हसले — "ह्या तर जंग्या! लोहगडावर हायेत तशाच." आम्हाला किल्ला दाखवणारा एक म्हातारा होता. हौसेने, पगाराशिवाय हे काम करणारा, दंडाला निळी पट्टी, आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागायचं. त्याला मी जंग्यांचं सांगितलं, तर तोही हसला. त्या दोघांचं तिथेच जमलं. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या मजल्यावर एका काचेच्या कपाटात सामुराईचं चिलखत होतं. लोखंडाच्या पट्ट्या, रेशमी दोऱ्या, शिरस्त्राणावर सोनेरी चंद्रकोर. सगळे फोटो काढून पुढे गेले. यशवंतभाऊ मात्र गुडघ्यावर बसले, कपाळ काचेला टेकवलं आणि पट्ट्यांच्या आतलं अस्तर बघत राहिले. मग उठले आणि मला म्हणाले, "आतून चामडं हाय. ह्ये चामडं कमावलं कुनी? ती मानसं कुटं ऱ्हायची — किल्ल्याच्या आत का भाईर? इचारा की त्यांना."

आमच्या मागे कंपनीचे दोन जपानी अधिकारी उभे होते. तिथेही चामड्याचं काम करणाऱ्यांना वेगळं ठेवलं जायचं आणि त्याविषयी चारचौघांत बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पुढे कितीतरी दिवस मी मनाची अशी समजूत घालत होते की चामडं कमावण्याला जपानीत काय म्हणतात तेच मला आठवलं नाही. साफ खोटं. शब्द जिभेवर होता. खरं सांगू, त्या क्षणी मनात काय आलं? आलं ते हे — झालं, इथेही आणलंच यांनी ते.

असं. एवढंच, आणि एवढं घाण.

तरी प्रश्न मी विचारला. विचारला म्हणजे कसा — आवाज खाली घालून, भरभर, जणू माझा त्याच्याशी काही संबंध नाही.  मला वाटलं, आता म्हातारा हसून टाळेल आणि आपण सुटू. पण त्याने दंडावरची निळी पट्टी सारखी केली, माझ्याकडे न बघता थेट यशवंतभाऊंकडे बघितलं, आणि बोलला. पाच-सहा वाक्यं असतील. मधेच एक अधिकारी खाकरला आणि खिडकीकडे निघून गेला. शेवटचं वाक्य प्रश्नाचं होतं. ते विचारून म्हातारा थांबला. यशवंतभाऊही थांबलेच होते. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

"त्यांना माहीत नाही म्हणतात," मी यशवंतभाऊंना सांगितलं.

आणि म्हाताऱ्याला जपानीत सांगितलं, की ते आपले आभार मानताहेत.

बघा, किती सोपं होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण मी तर डोळे उघडे ठेवून केलं. यशवंतभाऊंनी मान हलवली, हात जोडले. म्हातारा क्षणभर तसाच उभा राहिला — त्याला काहीतरी वेगळं ऐकायचं होतं — आणि मग वाकला. कमरेतून, खाली, बराच वेळ. यशवंतभाऊ हात जोडून तसेच उभे. त्या उजेडाच्या तुकड्यांत ते दोघे मला आजही जसेच्या तसे दिसतात, एकमेकांपासून दोन हातांवर.

परतताना बसमध्ये यशवंतभाऊ पुन्हा माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "म्हातारा लय वाकला वो, मॅडम. ठावं न्हाई म्हून कुनी येवढं वाकतं व्हय?" त्यांच्या आवाजात संशय नव्हता. नुसतं कुतूहल होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी म्हणाले, जपानी माणसं अशीच वाकतात. आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तिथपर्यंत सुधारायला वेळ होता, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. आमच्या आसपासची बाकं रिकामीच होती. बाकीचे मागे झोपले होते. ऐकायला कोणीही अधिकारी नव्हता.

गेल्या वर्षी कामशेतच्या बाजारात इंद्रायणी तांदूळ घ्यायला गेले होते. मागून हाक आली. यशवंतभाऊ. केस पांढरे झालेले, सोबत मोठी लेक. "ह्या आमच्या मॅडम," त्यांनी तिला सांगितलं, "तितं आमचं तोंड ह्याच व्हत्या." लेक पुण्यात नोकरी करते आणि संध्याकाळी जपानीचा क्लास करते, म्हणाले. मी कौतुकाने विचारलं, हे कसं काय सुचलं? ती वडिलांकडे बघून हसली. यशवंतभाऊच बोलले. "ती चामड्याची गोष्ट मी हिला सांगितलेली. तितल्या म्हाताऱ्यालाबी ठावं नव्हतं, लिवूनच ठेवलं नसंल कुनी. मी म्हनलं, तू शीक आन् तूच जाऊन इचार."

तांदळाची पिशवी माझ्या हातात होती. दुकानदार सुटे शोधत होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी त्यांच्या लेकीला एका चांगल्या शब्दकोशाचं नाव लिहून दिलं आणि गाडीत बसले.

वडिवळे इथून फार लांब नाही. फोन नंबरही आहे. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

म्हातारा काय म्हणाला होता, ते आता जसंच्या तसं सांगते. पदरचं काही नाही. तो म्हणाला, "ती माणसं खंदकाच्या पलीकडे राहायची, खालच्या अंगाला, किल्ल्याचं वापरलेलं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे. मी तिथलाच आहे. माझ्या आजोबांपर्यंत घरात हेच काम होतं. पत्ता कळला की मुलीचं लग्न ठरेना, म्हणून आम्ही राहतं घर सोडलं. इतकी वर्षं मी लोकांना हे चिलखत दाखवतो, पण हे कुणी कधी विचारलं नव्हतं." मग त्याने यशवंतभाऊंना विचारलं, "तुमची माणसं कुठे राहायची?"

उत्तर मला माहीत होतं. त्याच दिवशी सकाळी बसमध्ये ऐकलं होतं.