पट्ट्याला घातलेली मागणी

लुबाबाचं रंध्याचं मशीन बंद पडलं ते मला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण माझ्या मांडणीवरच्या बरण्या थरथरायच्या थांबल्या. सुतारांच्या ओळीची मागची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. या जिम्मा शहरात, ह्या भिंतीला लागून इतकी वर्षं काढल्यावर पलीकडे करवत चालू आहे की रंधा, लाकूड ओलं आहे की वाळलेलं, हे मी कांदा चिरता चिरता सांगू शकते. त्या सकाळी मशीन एकदा किंचाळलं, मग आत मोटर नुसतीच गुणगुणत राहिली, आणि पाठोपाठ लुबाबाचा आवाज आला, "आज? आजच मरायचं होतं तुला?"

मी कॉफीच्या बिया तव्यावर टाकल्या. ती येणार हे ठरलेलं होतं.

आली ती निळ्या डगल्यातच. डगला तिच्या वडिलांचा, अब्बा रागोंचा; आमच्याकडे सगळ्याच वडीलधाऱ्यांना अब्बा म्हणतात. ते वारले तेव्हा लुबाबा शेड विकून टाकेल असं सगळी ओळ धरून चालली होती. हिने डगल्याच्या बाह्या दोनदा दुमडल्या आणि दुसऱ्या आठवड्यात शेड उघडली. शेजारच्या शेडमधले अब्बा मेचा, ओळीतले सगळ्यात जुने सुतार, तेव्हा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "बाईमाणसाने भुसा झाडायचा असतो, पाडायचा नसतो." लुबाबाने त्यांना सलाम केला आणि मशीन सुरू केलं. त्यामुळे पुढचं काही कोणाला ऐकू आलं नाही.

तिने तुटलेला पट्टा माझ्या ओट्यावर ठेवला. मोटरचं फिरणं पात्यांपर्यंत नेणारा, बोटभर रुंदीचा, दातेरी रबराचा. मधोमध तुटलेला.

"एवढासाच ना?" मी म्हटलं.

"एवढासाच," ती म्हणाली. "मोटर ठणठणीत, पाती परवाच लावलेली, आणि हा एवढासा नाही म्हणून ते आख्खं लोखंड आता दाराला लावायचा दगड."

आणि वेळही नेमकी अशी. आमच्या वस्तीचा इदिर, म्हणजे कोणाच्या घरी मर्तिक झालं की तंबू, भांडी, बाकं घेऊन धावणारी मंडळी, त्यांची सगळी बाकं वाळवीने खाल्ली होती. नवी करायचं काम लुबाबाला मिळालं होतं. बापाच्या नावावर नव्हे, तिच्या स्वतःच्या नावावर आलेलं हे पहिलं मोठं काम. मंडळाचे प्रमुख अब्बा फोगी तिच्या बाजूचे होते, पण बाकीच्यांचा जीव प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. हलक्या, धुवायला सोप्या, आणि मुख्य म्हणजे हजर. पुढच्या बैठकीपर्यंत बाकं उभी दिसली नाहीत तर खुर्च्याच आणायच्या, असं ठरलं होतं.

"खुर्चीवर माणूस एकटा बसतो गं," लुबाबा पेला हातात फिरवत म्हणाली. "बाकावर रडणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी असतं. हे त्यांना कसं सांगू? मी सांगितलं तर म्हणतील, काम जाऊ नये म्हणून बोलते."

तिसरा पेला पिऊन झाला तशी उठली. पट्टा खिशात घातला आणि बाजाराकडे चालू लागली.

आमच्याकडे जुना तुकडा दाखवल्याशिवाय कोणी नवा देत नाही. लुबाबाने तो प्रत्येक दुकानात दाखवला. पहिला दुकानदार म्हणाला, पट्टा सुटा येत नाही, मशीनबरोबर येतो. दुसरा म्हणाला, हे मशीन आता बनतच नाही, नवं घ्या, लाल रंगाचं आलंय, बघा किती छान दिसतं. "लग्नाला नेऊ का त्याला?" ही म्हणाली. तिसऱ्याने पट्टा नाकाजवळ नेऊन हुंगला आणि गंभीर चेहऱ्याने परत दिला.

तिचा नवरा शमसू ट्रक घेऊन अदिस अबाबाला जातो. त्याने तिथल्या मोठ्या बाजारात भंगाराच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. फोनवर त्याचं ओरडणं मला भिंतीतून ऐकू येत होतं. "दाते मोज! किती दाते?" हिने ओरडून सांगितले. त्याने आणलेला पट्टा दात्यांना बरोबर होता, पण रुंदीला जास्त. झाकणाला घासून जळाला. मग तिने ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून चिकटवून बघितलं. ते मऊ लाकडावर चाललं आणि निलगिरीच्या पहिल्या गाठीला घसरलं. मग तिने भिंतीवरचा हातरंधा काढला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सर्र, सर्र असा एकसारखा आवाज सुरू झाला. त्या आवाजाने बरण्या थरथरत नाहीत, ऐकणाऱ्याचे खांदे मात्र दुखतात.

संध्याकाळी अब्बा फोगी येऊन उभे राहिले. "पोरी, किती झाली?"

"तुम्हाला दिसतायत तेवढी."

"मला एकच दिसतंय. आणि त्यावर तू बसली आहेस."

"मग दोघं बसू. मजबूत आहे का तेही कळेल."

ते बसले. बाक हललं नाही. पण जाताना म्हणाले, "बैठक मी पुढे ढकलू शकत नाही गं. खुर्चीवाल्याचा माणूस रोज चकरा मारतोय."

त्या रात्री ती जेवायला माझ्याकडेच होती. इंजेराच्या आंबट पोळीचा तुकडा मोडून ती तशीच थांबली. "तुला एक सांगते. इतकी वर्षं कोणाला बोलले नाही. अगदी तसंच मशीन माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर टांगलंय."

मशीन तिथे आहे हे मला माहीत होतं. सगळ्या ओळीला माहीत होतं. अब्बा मेचांचा मुलगा मिफ्ता जेद्दाला कामाला आहे. बापाने त्याला निरोप धाडला होता, अब्बा रागोकडे आहे तस्संच पाहिजे, त्याच कंपनीचं, तेवढंच मोठं. मिफ्ताने पाठवलं. ते आल्यापासून शेडमध्ये वरच्या खुंटीवर, स्वच्छ फडक्यात. कोणी विचारलं तर अब्बा मेचा म्हणत, "ते साध्या कामाला नाही. तसं काम आलं की काढीन."

"तसं काम कधीच यायचं नाही," लुबाबा म्हणाली. "ते जळालंय. आलं त्याच शुक्रवारी. सगळी ओळ नमाजाला गेली होती, मी एकटी मागे होते. कोणी नाही असं समजून अब्बा मेचांनी ते गुपचूप लावून बघितलं. सुरू झालं ते असं सुसाट, की मला वाटलं छप्पर घेऊन उडतंय. मग फट्. मग वास. जेद्दाचं मशीन गं, निम्म्या विजेवर चालणारं. आपल्याकडची वीज त्याच्या दुप्पट. त्यांनी तसंच प्लगमध्ये खुपसलं." ती हसली नाही. "मोटर जळाली. पट्टा मात्र कोरा असणार. एक फळीसुद्धा त्याने तासली नाही."

"मग जाऊन माग ना."

"काय मागू? तुमचं जळकं मशीन द्या? मुलाने परदेशातून पाठवलेलं? मी एवढं बोलले तर म्हातारा उद्या शेडला कुलूप लावेल." मग तिने उरलेला घास खाल्ला, हात धुतले आणि म्हणाली, "मी नाही मागणार. मोठी माणसं पाठवीन. मुलीला मागणी घालतात तशी."

मला वाटलं चेष्टा करते आहे. दुसऱ्या सकाळी अब्बा फोगी आणि आणखी दोन म्हातारे, पांढरी उपरणी पांघरून, हातात काठ्या, अब्बा मेचांच्या शेडच्या दारात उभे. आमच्याकडची रीत अशी, की मागणी घालायला आलेली माणसं बसत नाहीत. यजमान "बसा" म्हणाला तर समजायचं, बोलणं ऐकलं. नाही म्हणाला तर उभ्याउभ्या परतायचं आणि पुन्हा यायचं. लुबाबा माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसून भिंतीला कान लावून होती.

"मेचा, तुझ्या घरी एक गुणी लेक आहे," अब्बा फोगींनी सुरुवात केली.

"माझ्या लेकींची लग्नं होऊन नातवंडं झाली. तू त्यांच्या लग्नात जेवलायस."

"ही अजून खुंटीवर आहे."

मग अब्बा फोगी घाईने म्हणाले, "इदिरच्या कामाला चार दिवस मशीन दे."

लुबाबाने कपाळावर हात मारून घेतला. "पट्टा! पट्टा म्हणायचं होतं! पाठ करून घेतलं होतं मी त्यांच्याकडून!"

"मशीन मिळायचं नाही," अब्बा मेचांचा आवाज एकदम कडक झाला. "मिफ्ताची वस्तू आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही." बसा म्हणाले नाहीत. तिघंही परत गेले.

लुबाबाने त्यांना माझ्याच अंगणात गाठलं. "अब्बा, मी काय सांगितलं होतं?"

"अगं, पट्टा मागणं हलकं वाटलं. तिघं माणसं जाऊन रबर मागायचं?"

"रबरच मागायचं. आणि ते म्हणतील, पट्टा काढला तर मशीन चालायचं नाही. मग तुम्ही काय म्हणाल?"

अब्बा फोगींनी शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. तिने आणखी एकदा म्हणायला लावलं. का म्हणायचं ते मात्र सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

उन्हं कलली तसे ते पुन्हा गेले. आम्ही पुन्हा भिंतीला. मी गॅस बंद केला, भाजीचा रटरटाटही नको.

"मेचा, आम्ही चुकीचं मागितलं," अब्बा फोगी म्हणाले. "मशीन तुझं तुझ्याकडे राहू दे. आम्हाला नुसता त्याचा पट्टा दे."

मग अब्बा मेचा हळू म्हणाले, "पट्टा काढला तर मशीन चालायचं नाही."

"नाहीच चालणार. कोणी विचारलं तर सांग, मर्तिकाच्या बाकांसाठी इदिरला पट्टा दिला, म्हणून बंद आहे. आम्हीही तेच सांगू. सगळ्या वस्तीला सांगू."

लुबाबाने माझं मनगट धरलं होतं. पलीकडे कोणीतरी खाकरलं. काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग एक स्टूल सरकलं, आणि अब्बा मेचा म्हणाले, "बसा."

त्यांनी मशीन कोणाला उघडू दिलं नाही. म्हाताऱ्यांना कॉफीला घरी पाठवलं, दार आतून लावून घेतलं आणि स्वतः स्क्रू काढले. मग पट्टा फडक्यात गुंडाळून लुबाबाच्या शेडमध्ये गेले, आजवर पहिल्यांदाच. मी भिंतीपासून हलले नव्हते, हे कबूल करते.

"त्या शुक्रवारी तू इथेच होतीस," ते म्हणाले.

"होते."

"मग?"

"आवाज फार छान होता त्याचा, अब्बा."

त्यांनी फडकं सोडून पट्टा बाहेर काढला. नंतर कुरकुरत म्हणाले, "सरक तिकडे. तुझ्या बापालाही पट्टा ताणून बसवता यायचा नाही. पुलीच्या बाहेरच्या कडेवर आधी चढवायचा, मग फिरवत आत. हं. आता लाव."

माझ्या बरण्या वाजायला लागल्या.

बैठकीच्या दिवशी बाकं इदिरच्या अंगणात ओळीने उभी होती. खुर्चीवाल्याचा माणूसही त्यांतल्याच एकावर बसून वाट बघत होता. आणि अब्बा मेचा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "माझा पट्टा आहे यात. माझं मशीन म्हणजे काय मशीन होतं! पण म्हटलं, वस्तीचं काम आहे." लुबाबा शेजारी उभी राहून मान डोलवत होती. एकाने विचारलं, "मग आता तुमचं मशीन?" त्यांच्या आधी हीच बोलली, "बंद ठेवलंय त्यांनी. आमच्यासाठी."

गेल्या आठवड्यात भाजी निवडत बसले होते, तर भिंतीपलीकडे अब्बा मेचा फोनवर मिफ्ताशी बोलत होते. वय झालं की माणसं फोनवर फार मोठ्याने बोलतात.

"काही नको रे मला. हां, पट्टे पाठव. रंध्याचे, दातेरी. तुकडा लुबाबा पाठवते आहे कोणाबरोबर, तो दाखव. दोन पाठव. नको, चार पाठव, ती पोरगी मशीन गाढवासारखं राबवते. आणि ऐक, प्लग असलेलं काही पाठवू नकोस. का म्हणजे? नको म्हटलं ना. आपल्याकडची वीज जरा तापट आहे."