आज सेक्रेटरी माझ्या सुनेसमोर तोंड उघडून पडले

सर्व बंधुभगिनींस नमस्कार. आज सकाळी घडले ते जसेच्या तसे लिहितो.

माझी सूनबाई दातांची डॉक्टर आहे. करोनाच्या काळात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला बजावले होते, "मॅडम, तुम्ही लोकांच्या तोंडात हात घालता. लिफ्ट वापरायची नाही." ती स्वतः इतकी घाबरलेली होती की लेकराला जवळ घेत नसे. तरीही दवाखाना उघडीत असे आणि सहा मजले जिन्याने चढून येत असे.

आज तेच सेक्रेटरी गाल धरून केबिन रोडवरील तिच्या दवाखान्यात आले. मी तेथेच बसलो होतो.

"काका, ताईंना सांगा ना, आधी मला घ्या म्हणून. जीव जातोय!"

सूनबाईने त्यांना खुर्चीत निजवले, इंजेक्शन दिले आणि तोंडात कापूस ठेवला. मग मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"काय साहेब, आज हेच हात चालतात वाटते?"

त्या दिवसांतला एकेक अपमान मी त्यांना ऐकवला. त्यांचे केवळ "आं, आं" चालले होते.

सूनबाई मला थांबवील, असे वाटले होते. ती म्हणाली, "बाबा, सावकाश बोला. दात बधिर व्हायला अजून वेळ आहे."

मला लेशमात्र खंत नाही. आपण माझ्या जागी असता, तर गप्प बसला असता काय?