आधी सगळं बंद

दिगांबरभाऊ गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी भाचीच्या लग्नाला उमरेडला गेले होते. परत कामावर आले, तर कँटीनवाल्यानं चहा पुढे ठेवता ठेवता सांगितलं, की आपला टेलिफोनचा बोर्ड बसवणारे गेले. चहा तसाच निवला. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात मी टेलिफोन ऑपरेटर आहे आणि या कामातलं मला जे येतं, ते या एका माणसानं शिकवलेलं. महिना होत आला आता. रडून झालंय, पण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

भाऊ विणकरांच्या घरातले. माग सुटला, हात मात्र विणकराचेच राहिले. तारांच्या जुड्या मेणाच्या दोऱ्यानं अशा बांधायचे, की लुगड्याचा काठच. एकोणीसशे सत्तरच्या आसपास हॉस्पिटलात नवा बोर्ड आला, तेव्हा मी नुकतीच लागले होते. बाहेरच्या दोन लाइनी, आत चोवीस फोन आणि मध्ये मी. मला वाटलं, सगळ्याला सगळं जोडून देतील आणि जातील. त्यांनी नेमकं उलटं केलं. “आधी सगळं बंद,” म्हणाले. “मग ज्याले खरंच लागते, त्याचंच उघडायचं. अन् काहून उघडलं, ते लिहायचं.” कोणाला कोणाशी बोलावं लागतं, हे विचारत त्यांनी आठवडाभर मोठ्या सर्जनपासून धोब्यापर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं. ऑपरेशन थिएटरला तर फोनची तारच टाकली नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पोट उघडलेल्या माणसाजवळ पाहुण्याचा फोन नको.’ हा सगळा नकाशा बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवला आणि झाकणाला कुलूप लावलं नाही. बाकीचे फिटर नकाशा खिशात घालून जायचे, म्हणजे बिघाड झाला की त्यांनाच बोलवावं लागे. ऑफिसातल्या कोणीतरी भाऊंना तसं सुचवलंही. ते म्हणाले, मी मेल्यावरही बोर्ड चालला पाहिजे, वाचता येणाऱ्या कोणालाही तो दुरुस्त करता आला पाहिजे. त्यांना स्वतःच्या कामाचा भारी भरवसा होता, आणि तो उगाच नव्हता.

मला पारखायची त्यांची रीत मात्र छळवादी होती. कुठूनही फोन करायचे, आवाज बदलून. कधी मंत्र्याचे सचिव, कधी सर्जनसाहेबांचे मेव्हणे, एकदा तर कन्हानहून पदरचे पैसे घालून ट्रंक कॉल लावला आणि म्हातारीच्या आवाजात रडले. मी फसले, थिएटरच्या मजल्यावर निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली. ओळखीच्या आवाजावर भुलायचं नाही, रडण्यावर तर नाहीच नाही, आधी विचारायचं, असं त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं. मीही हट्टाला पेटले. पुढे दोन वर्षं त्यांना एकदाही आत शिरू दिलं नाही.

मग ती दुपार आली. मौद्याहून ट्रंक. भाऊ तिकडे कामाला गेलेत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसूनच विचारलं, आज कोणाचं सोंग? पलीकडे खरखर, आणि तिच्यातून भाऊंचा खरा आवाज:

“सोंग नाही वं, शालू. कमल आत टेबलावर आहे. शेजाऱ्यायनं आणलं तिले, मले आत्ता निरोप भेटला. पेनिसिलीन चालत नाही तिले, अन् त्यायले माहीत नाही. थिएटरले सांग.”

कमलवहिनी म्हणजे त्यांची बायको. मी हादरले, पण शिकवलेलं सुटलं नाही. भाऊंना थांबवून मी खालच्या नोंदणीच्या खिडकीला फोन लावला. होतं नाव. अपेंडिक्स, तातडीचं, अर्ध्या तासापूर्वी वर नेलेलं. पुन्हा भाऊंच्या लाइनीवर आले आणि म्हटलं, “भाऊ, मले जोडता येत नाही. तुम्ही तारच नाही टाकली.”

 

मी कानावरचं काढून ठेवलं आणि उठले. ऑपरेटरनं बोर्ड सोडणं म्हणजे नोकरीवर पाणी. मागे बोर्डावर कॉलचे दिवे लागत होते, मी दोन जिने पळत चढले आणि थिएटरच्या दारावर दोन्ही हातांनी मारलं. आतल्या सिस्टरची सिरिंज भरून तयार होती. माझं ऐकून तिनं ती बाजूला ठेवली. वहिनी वाचल्या.

मला ऑफिसचं पत्र आलं, बोर्ड का सोडला म्हणून. भाऊ ते पत्र घेऊन ऑफिसात गेले आणि चूक आपली आहे असं सांगून आले. मग झाकण उघडून बसले. बोर्डापासून थिएटरच्या दारापर्यंत एक घंटी टाकली, ती वाजली की सिस्टरनं बाहेर येऊन निरोप घ्यायचा. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या नावानिशी लिहिलं, ‘दिगांबरनं दार लावलं अन् स्वतःच बाहेर राहिला.’ मी म्हटलं, भाऊ, हे सगळे वाचतील. म्हणाले, “त्याच्याचसाठी लिहून राहिलो.” चूक एवढी ताठ मानेनं कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या रविवारी वहिनींना भेटायला गेले. लग्नाला गेल्यामुळे शेवटचं दर्शन चुकलं, हे मनाला लागलं होतं, तेच बोलत होते. वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. खाटेशेजारच्या भिंतीवर भाऊंच्या अक्षरातला पिवळा पडलेला कागद होता. दुखलंखुपलं तर कोणाला फोन करायचा, त्याची यादी. डॉक्टर, भाचा, शेजारचे मास्तर… आणि सगळ्यांच्या वर मी, हॉस्पिटलच्या नंबरावर. पुढे कारण लिहिलं होतं, ‘आधी विचारते, मग पळते.’

वहिनी म्हणाल्या, “आता काढू का हा कागद?”

मी राहू द्या म्हटलं. घरात आता त्या एकट्याच आहेत. माझ्या घराखालच्या दुकानात नुकताच फोन आलाय. पेन मागून घेतला आणि तो नंबर माझ्या नावापुढे लिहिला.